सरकार 'होय' म्हणालं त्या दिवशी

आता मला सांगा, सरकारने 'होय' म्हणायचं असतं का? म्हणजे असं अचानक, सकाळी सकाळी, समोरच्या माणसाच्या हातात गरम चहा असताना? तुम्हाला सांगते, मी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, उलटा करून पाहिला, चुकून दुसऱ्याच कुणाचं उत्तर तर आपल्याकडे आलं नाही ना म्हणून वरचं नाव बघितलं... नाव आमच्या भाऊंचंच. आणि तोपर्यंत निम्मा चहा माझ्या ओढणीवर.

तुम्ही म्हणाल, होय म्हणालं तर पेढे वाटायचे, घाबरायचं काय त्यात? तुम्ही आमच्या ऑफिसात काम करत नाही म्हणून म्हणता.

भाऊ म्हणजे आमच्या भागातून निवडून गेलेले, जन्मापासून विरोधी बाकावर बसलेले. आणि मी त्यांचे प्रश्न लिहून देते. राज्यशास्त्रात पदवी घेतली, रात्री जागून मोठमोठे विचारवंत पाठ केले, आणि त्या सगळ्याचा उपयोग काय, तर 'हे खरे आहे काय?' हे चार शब्द. दर अधिवेशनाला मी लिहायचं, आमच्या नदीवरचा पूल पडला आहे, हे खरे आहे काय? असल्यास नवीन केव्हा बांधणार? आणि दर अधिवेशनाला सरकारने छापून पाठवायचं, एक, हे खरे नाही. दोन, प्रश्न उद्भवत नाही. बरोबरच आहे. पूल पडलाच नाही म्हटल्यावर नवा कशाला बांधायचा? प्रश्न उद्भवत नाही.

माझी आई त्याच नदीच्या काठावर राहते. आई या काठावर, दवाखाना त्या काठावर, आणि दर आठवड्याला तिला इंजेक्शन. नाववाला मूडमध्ये असला तर नेतो, पाणी चढलं तर नेत नाही, आणि मग आई घरात बसून मला फोन करते. तिला एकदा ते उत्तर वाचून दाखवलं. शांतपणे म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. म्हणजे मी इतके दिवस उगाचच भिजतेय."

तर आमचा पूल हा असा. आणि भाऊंचं सांगायचं तर, सभागृहात त्यांच्याइतका कामसू माणूस नाही, हे मी पगार घेते म्हणून नाही सांगत. हजेरी पूर्ण. प्रश्न सगळ्यात जास्त. तापातसुद्धा जाऊन बसतात. 'सर्वाधिक सक्रिय सदस्य' म्हणून त्यांना एक ढाल मिळालीय, ती इतकी जड आहे की आम्ही ती दाराला पाचर म्हणून... जाऊ दे. पण भाऊंचं खरं नाव कशासाठी, तर सभात्यागासाठी. म्हणजे निषेध म्हणून उठून बाहेर जायचं. बाकीचे लोक आपले खुर्च्या सरकवत, एकमेकांच्या पायावर पाय देत बाहेर पडतात. भाऊंचं तसं नाही. भाऊ आधी कोटाचं बटण लावतात. मग चष्मा काढतात. मग छताकडे असं बघतात की बघणाऱ्याला वाटावं, लोकशाही तिथेच कुठेतरी पंख्याला लटकलीय. आणि मग निघतात, मागून अख्खा पक्ष. फोटोवाले दाराशी जागा धरून बसतात त्यांच्यासाठी.

तर आदल्या संध्याकाळी बैठक झाली. दुसऱ्या दिवशी पहिलाच प्रश्न आमच्या पुलाचा. भाऊ म्हणाले, "मंत्र्याने नुसतं तोंड उघडलं की आपण बाहेर." मी दारातून, घाबरत घाबरत, "भाऊ, पण उत्तर ऐकून मग गेलं तर...?" सगळा पक्ष माझ्याकडे वळून बघायला लागला. भाऊ मात्र प्रेमाने म्हणाले, "अगं पोरी, ऐकायचंय काय त्यात? उत्तर तुला पाठ आहे ना?"

पाठ होतं हो. प्रश्न उद्भवत नाही.

आणि सकाळी हा कागद. एक, होय. दोन, नवीन पुलाची घोषणा माननीय मंत्री सभागृहात करतील. सभागृहात, बरं का. यातली गोम अशी की मंत्री सभागृहात बोलला तरच ते आश्वासन, मग त्याच्यामागे समिती लागते, कागद फिरतात, माणसं कामाला लागतात. आणि ज्याचा प्रश्न तोच जागेवर नसेल, तर अध्यक्ष म्हणणार, सदस्य उपस्थित नाहीत, पुढचा प्रश्न. संपलं. मंत्र्याने तोंडच उघडायचं नाही. आणि आमचे भाऊ तर त्याने तोंड उघडताक्षणी बाहेर पडणार.

मी भाऊंना फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. पुन्हा लावला. मग लक्षात आलं, अगं बाई, आत फोन नेता येत नाहीत, सगळ्यांनी आपापले फोन दाराबाहेरच्या खणात ठेवायचे असतात. मग पक्षातल्या दुसऱ्यांना लावला. तिसऱ्यांना लावला. काय बावळट मी, सगळ्यांचेच फोन त्या खणात. म्हणजे मी एका लाकडी कपाटाशी बोलायचा प्रयत्न करत होते.

पळाले खाली. दोन जिने, एक लांबलचक व्हरांडा, मधे फरशी पुसलेली, तिथे जवळजवळ बसलेच मी... आणि पुढे काचेचं दार. दाराशी रखवालदार.

"ताई, पास."

"आहे ना, हा बघा."

"हा निळा. पलीकडे पिवळा लागतो."

"अहो, फक्त एक निरोप द्यायचाय."

"त्याला पिवळा लागतो."

काचेतून मला ते खणांचं कपाट दिसत होतं. त्यात भाऊंचा फोन. मी पुन्हा लावला तर तो तिथे उजळला, थरथरला, खणात गोल गोल फिरायला लागला. मी इकडे, फोन तिकडे. रखवालदार म्हणाला, "कुणाचा तरी फोन येतोय." मी म्हटलं, "माझाच येतोय." त्याने एक पाऊल मागे घेतलं.

शेवटी दया आली त्याला. म्हणाला, आत चिठ्ठी पाठवता येते. पण छापील चिठ्ठीवरच. आणि मी ती भरून दिल्याशिवाय सोडेना.

"विषय रिकामा ठेवलात."

"पूल."

"निकडीचा का कौटुंबिक?"

"अहो, निकडीचाच की."

"निकडीचा असेल तर सचिवांची सही. कौटुंबिक लगेच जातो."

"मग कौटुंबिक. आई आहे माझी नदीपलीकडे."

तेवढ्यात आईचाच फोन. अंगावर पाल पडल्यासारखी दचकले मी. "काय गं, टीव्हीवर दिसतायत तुझे भाऊ. कोट शिवला वाटतं नवीन? पोटावर ओढला जातोय बघ."

"आई, ठेव फोन, मी तुझ्याच पुलावर आहे."

"कुठल्या पुलावर? कधी झाला?"

काय सांगू तिला? प्रश्न उद्भवत नाही.

चिठ्ठीवर मी लिहिलं, भाऊ, सरकार हो म्हणतंय. बसून राहा. हवं तर दंडवत घालते, पण उठू नका. रखवालदाराने ती वाचली, घडी घातली, आतल्या माणसाकडे दिली. पलीकडे भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद, पण दिसत होतं सगळं. अध्यक्षांनी प्रश्न पुकारला. मंत्री उठले. खरं सांगते, इतका हसरा मंत्री मी आयुष्यात पाहिला नव्हता, हातात कागद, चेहरा असा की जणू लग्नात आहेर द्यायला उठलाय. आणि बाकांच्या मधून माझी चिठ्ठी चाललेली. एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या... मी काचेला नाक लावून. रखवालदार माझ्या शेजारी, त्यानेही नाक लावलेलं, म्हणतो, "पोचली ताई, पोचली."

पोचली हो. भाऊंच्या हातात पोचली.

भाऊंनी कोटाचं बटण लावलं.

"वाचतील आता," रखवालदार म्हणाला.

भाऊंनी चष्मा काढला.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. सभात्यागाला हातात फाडायला काहीतरी लागतं. नुसतं उठून गेलं तर फोटो भरत नाही. भाऊंनी छताकडे पाहिलं, माझी चिठ्ठी उंच धरली, सगळ्या सभागृहाला दाखवली, मंत्र्यालाही दाखवली, आणि टर्रकन तिचे दोन तुकडे केले. मग चार. काय सांगू, फुलं उधळावीत तशी उधळली. आणि निघाले. मागून पक्ष. मंत्री बिचारा तोंड उघडं टाकून उभा, त्या उघड्या तोंडात आमचा पूल. अध्यक्षांचे ओठ हलले. आवाज नसला तरी मला कळलं, पुढचा प्रश्न. मंत्र्याने कागदाची छान चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली, आणि असा खाली बसला, जणू कुणीतरी त्याचे पैसे वाचवलेत.

रखवालदार हळूच म्हणाला, "कौटुंबिक होता म्हणून वाचला नसेल."

आणि मी काय केलं? काय करणार, अजून फोनच लावत होते. बोटांना दुसरं काही सुचेना. काचेपलीकडे दार उघडलं, भाऊ बाहेर आले, फोटोवाले धावले, लखलखाट झाला. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, पण हाक काचेतून जाते थोडीच? खणात फोन गोल गोल फिरत होता. भाऊंनी तो उचलला, एका हाताने फोटोवाल्यांना थांबवलं, आणि...

"हां, बोल गं. दिसलं ना टीव्हीवर? अगं कागद काय सुरेख फाटला आज, कुणी आणून दिला देव जाणे. बरं, एक काम कर, पुढच्या अधिवेशनासाठी हाच प्रश्न आजच्या आज टाकून ठेव. आणि त्यातला शब्द बदलू नकोस हं, चांगला चाललाय तो."