अर्ध्या मशीनचं गिऱ्हाईक

दलाल : ...आणि अख्खं मशीन म्हणाल तर विसरा, शेठ. शाफ्टची दोन्ही तोंडं एका दमात सपाट करून दोन्हीकडे मधोमध सेंटरचं भोक मारणारं जुनं मशीन आता बघायलासुद्धा मिळत नाही. बंद पडलेले कारखाने पालथे घातले, भंगारवाल्यांच्या हातापाया पडलो. शेवटी माझ्याच गोदामात परवा हे येऊन पडलं. तेही अर्धं, एकाच बाजूचं हेड असलेलं.

धाकटा : अर्धं चालेल. उजवंच हेड हवंय मला. डावं आहे माझ्याकडे.

दलाल : नुसतं डावं? ते कुठून आलं तुमच्याकडे?

धाकटा : आलं असंच. वरची ताडपत्री काढा ना.

दलाल : काढतो की. एवढी काय घाई?

धाकटा : सध्या लेथवर करतोय. एक तोंड करायचं, शाफ्ट उलटा बांधायचा, मग दुसरं. उलटताना सेंटर केसभर सरकतं. अख्खा लॉट परत आलाय. पुन्हा आला तर शटर ओढून घ्यावं लागेल.

दलाल : हे घ्या, बघा. खालचा बेड, उजवं हेड, सगळं शाबूत. ठेवणाऱ्याने तेलपाणी केलेलं दिसतंय. अहो, काय झालं? त्या चाकाला का चिकटलात?

धाकटा : ही पितळी मूठ.

दलाल : मूळची नाही ती. कुणीतरी हौसेनं कातून बसवलीय.

धाकटा : कुणी विकलं हे?

दलाल : विकलं नाही, ठेवलंय. त्याने आता धंदा आवरला. मोठी गंमत आहे, ऐका. दोघे भाऊ. बाप गेला, वाटणी झाली. जागा वाटली, लेथ वाटले आणि या मशीनवर गाडं अडलं. मशीन ज्याच्याकडे, गिऱ्हाईक त्याच्याकडे, नाही का? तर या दीडशहाण्यांनी काय करावं? बोल्ट सोडले आणि डावं हेड एकाने नेलं, बेडसकट उजवं दुसऱ्याने! दोघांच्याही शेडमध्ये नुसतं लोखंड. मी तर हसून हसून बेजार झालो.

धाकटा : हसण्यासारखंच आहे.

दलाल : मामा मध्ये पडले होते म्हणे. एकाने ठेवा, दुसऱ्याने त्यावर काम करून घ्या. पण धाकटा ऐकतोय कुठला. स्वतःच पाना घेऊन बसला.

धाकटा : थोरला हसत होता का हे सांगताना?

दलाल : छे. म्हणाला, मी मोठा होतो, मी सोडून द्यायला हवं होतं. पुढे बायकोला पाठवलं धाकट्याकडे, की सगळं घेऊन जा म्हणून. त्याने वहिनीला दारातच सुनावलं, गंजून जाऊ दे, मला नको. बिचारीला पाणीसुद्धा विचारलं नाही.

धाकटा : पाणी दिलं होतं.

दलाल : काय म्हणालात?

धाकटा : दिलं होतं पाणी. तिने घेतलं नाही.

दलाल : म्हणजे तुम्हीच ते.

धाकटा : तुम्हाला ठाऊक होतं?

दलाल : संशय होता. नुसतं डावं हेड बाळगणारा माणूस जगात असून असणार किती? ते पाण्याचं मी माझ्या पदरचं घातलं. म्हटलं, बघू, तोंड उघडतोय का.

धाकटा : काय तोंड उघडणार? बाकी सगळं खरंच होतं. लाज वाटते हो. सगळ्या दलालांकडे फिरलो, पण दादाच्या दारात जायला पाय उचलेना. वाटलं, परक्याकडून मिळालं तर कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही.

दलाल : भंगारवाले मागत होते हे. त्याने साफ नाही म्हणून सांगितलं. म्हणाला, डावं हेड असलेला कुणीतरी शोधत येईल, त्यालाच द्या. फक्त आधी त्याला माझ्याशी बोलू द्या.

धाकटा : नाही जमायचं मला. तुम्हीच बोला.

दलाल : मी काय बोलू? घ्या, लागलाय.

(फोन धाकट्याच्या हातात. पलीकडून आवाज येतो.)

थोरला : हॅलो. कोण?

धाकटा : मी... गिऱ्हाईक बोलतोय. ते उजव्या हेडबद्दल.

थोरला : कोण म्हणालात?

धाकटा : गिऱ्हाईक.

थोरला : बरं. बोला, साहेब. डावं आहे ना तुमच्याकडे?

धाकटा : आहे.

थोरला : गंजलंय का?

धाकटा : गंजलंय. लक्षच दिलं नाही मी. ताडपत्रीसुद्धा घातली नाही.

थोरला : निघेल हो गंज, त्यात काय एवढं. पण दोन्ही हेडं एका रेषेत बसवणं एकट्याचं काम नाही. एक माणूस या टोकाला लागतो, एक त्या टोकाला. आहे का कुणी तुमच्याकडे?

धाकटा : नाही. कुणीच नाही.

थोरला : मग मी येतो उद्या सकाळी.

धाकटा : तुम्ही कशाला त्रास घेता...

थोरला : त्रास कसला. धंदा आवरलाय, हात रिकामेच आहेत.

धाकटा : पत्ता सांगू का? लिहून घेता?

थोरला : पत्ता नको रे.