ग्रोनेसच्या खोलीतून आणलेला डबा

मी, त्रुल्स एंगेन, वय २३ वर्षे, धंदा मिळेल ते काम (हंगामात मासळीच्या कारखान्यात), शिक्षण नववी, पुढे वायरमनचा कोर्स सहा महिने, मूळ राहणार दक्षिणेकडचा, सध्या राहणार ह्वालविक, आर्नफिन लोर्विक याच्या होडीघराचा माळा, आज मंगळवार ता. २१ जानेवारी रोजी सकाळी ११.२० वाजता पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर गेल्या मार्चपासून राहतो. आलो होतो दोन आठवड्यांसाठी. पुढे उत्तरेला खेकड्यांच्या बोटीवर जायचं होतं, ती बोट विकली गेली, मग एक रशियन कुत्रा सांभाळायचं काम निघालं होतं, तेही फिसकटलं. जबाब लिहून घेणाऱ्या तुरिडने कुत्र्याचं राहू दे असं सांगितल्यावरून पुढे सांगतो की, आर्नफिन, वय ७७, याने मला माळ्यावर जागा दिली ती भाडं न घेता. त्या बदल्यात मी त्याच्याबरोबर वरच्या खोलीवर जायचं असं ठरलं.

वरची खोली म्हणजे गावामागच्या टेकडीवरची आमच्या अँटेना मंडळाची खोली. ह्वालविकच्या दक्षिणेला डोंगर आडवा आहे. गावातून उपग्रह दिसतच नाही. म्हणून १९८६ साली गावाने दुग्नाद करून, म्हणजे प्रत्येक घरातून माणूस येऊन फुकट राबून, तीन मीटरची डिश होडीने आणली, घसरगाडीवरून टेकडीवर चढवली आणि तिथून केबल खाली गावात सोडली. तेव्हा एकतीस घरं होती. आता फायबर आल्यापासून केबलवर चारच घरं राहिली. मंडळाचा अध्यक्ष वारला, खजिनदार मुलीकडे राहायला गेला. आर्नफिन कोणत्याच पदावर नाही. तो फक्त वर जातो.

खोलीत रिसीव्हर नऊ, पैकी चालू तीन. बाकी सहा सुट्या भागांसाठी ठेवले आहेत. दुसरा रिसीव्हर थंडीत चालू होत नाही, त्याच्यावर केस वाळवायचं यंत्र धरावं लागतं. तिसऱ्याला डाव्या अंगाला मूठ मारावी लागते, उजव्या अंगाला मारून चालत नाही. डिशवर बर्फ धरू नये म्हणून आर्नफिन तिला मासळीचं तेल फासतो. त्याने बर्फ धरत नाही, पण समुद्रपक्षी येऊन चोची मारतात, म्हणून झाडू ठेवलेला असतो. मी एकदा त्याला म्हणालो, "आर्नफिन, ही वस्तू चालायलाच नको खरं तर." तो म्हणाला, "कोर्स अर्धा सोडलास ते बरं केलंस. पुरा केला असतास तर तुला खात्रीच पटली असती."

आर्नफिनची बायको बोर्गहिल्ड, वय ७९. तिला साडेतीन वर्षांपासून विसर पडतो. माणसं विसरते, वाचणं विसरलेली नाही. जे समोर येईल ते मोठ्याने वाचते. पिठाचा पुडा, होडीवरचं नाव, माझ्या सदऱ्यावरची जाहिरात, टीव्हीवर खालून सरकणारी अक्षरं. घरात ते चालूच असतं. सकाळी नऊला ती खुर्चीत बसते, एक नंबरचं बटण दाबते आणि दुपारी तीनला पालिकेची नर्स येईपर्यंत उठत नाही. नर्सने ऑक्टोबरमध्ये माझ्यासमोर आर्नफिनला सांगितलं होतं, "ती खुर्चीत बसते आहे तोवर घरी राहील. उठून बाहेर जायला लागली की मला तिला शहरातल्या वृद्धांच्या केंद्रात घालावं लागेल. मग माझ्याशी भांडू नकोस." आर्नफिन म्हणाला, "ती बसेल. बसवणं माझ्याकडे लागलं."

तुरिडने विचारलं की फायबर का घेतलं नाही. घेतलं होतं. नोव्हेंबरमध्ये चार दिवस. नवीन रिमोटवर एक दाबलं की आधी चौकटींची यादी येते. बोर्गहिल्डने ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग उठली आणि तिचा कोट कुठे आहे ते शोधायला लागली. चौथ्या दिवशी आर्नफिनने पेटी बांधून परत पाठवली.

मंगळवार ता. १४ जानेवारी रोजी सकाळी दहाच्या सुमारास मी स्वयंपाकघरात टीव्हीकडे पाठ करून न्याहारी करत होतो. पडदा काळा झाला. बोर्गहिल्ड म्हणाली, "झालं." एवढंच म्हणाली. आर्नफिन गोठ्यातून आला, त्याने तिन्ही वाहिन्या लावून पाहिल्या. तिन्ही गेलेल्या. आम्ही बर्फावरच्या स्कूटरने वर गेलो. वरून चित्र मिळालं की रिसीव्हरवर हिरवा दिवा लागतो, तो एकाचाही लागत नव्हता. मूठ मारून पाहिली, दोन्ही अंगांना. मंगळवार आणि बुधवार आम्ही केबल बदलली, कार्डं पुसली, जोड उघडून परत बसवले, डिश बोटभर इकडे, बोटभर तिकडे केली. शेवटी आर्नफिन म्हणाला, "एक गेला असता तर रिसीव्हर म्हटलं असतं. तिन्ही एकदम गेले म्हणजे दोष तोंडाशी." डिशच्या तोंडासमोर जो डबा असतो, उपग्रहाकडून आलेलं आधी त्यातून जातं, तो. त्याचं म्हणणं मला पटलं. अजूनही चुकीचं वाटत नाही, म्हणजे तसा विचार करण्यात चूक नव्हती.

तो डबा आता कुठे मिळत नाही. पण खाडीपलीकडे ग्रोनेसला तशीच खोली आहे, बंद पडलेली. गुरुवार ता. १६ रोजी सकाळी पावणेदहाला आम्ही निघालो. टीव्ही नसल्यामुळे आर्नफिनने बोर्गहिल्डसमोर जुनी व्हिडिओ टेप लावली, स्कीच्या शर्यतीची. तिला ती आवडते, स्पर्धकांची नावं वाचते. टेप तीन तासांची आहे. आर्नफिन म्हणाला, "एक वाजेपर्यंत परत येऊ." शेजारीण योरुन, वय ६१, तिला फोन केला, ती दुकानात गेली होती, उचलला नाही.

ग्रोनेसच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली वळचणीच्या दुसऱ्या फळीमागे होती, सगळ्यांची असते तिथेच. कडी-कोयंडा तोडला हे फायबर कंपनीच्या तक्रारीतलं म्हणणं खोटं आहे. आम्ही डब्याचे चार बोल्ट काढले, डबा घेतला, एक रिसीव्हर घेतला. स्टोव्ह पेटवून दोन-दोन कप कॉफी प्यायलो, ती तक्रारीत लिहायची राहिली आहे. छपराचा पत्रा उत्तरेकडून सुटला होता तो आर्नफिनने खिळे मारून बसवला. मी म्हणालो, "चल आता." तो म्हणाला, "दुसऱ्याच्या खोलीत कॉफी प्यायची आणि पत्रा फडफडत ठेवायचा?" पत्र्याला चाळीस मिनिटं लागली.

निघताना त्याने खोलीच्या वहीत नोंद केली. वही फळीवर असते, येणारा-जाणारा लिहितो. ती वही मला आज दाखवली, अक्षर आर्नफिनचं आहे, खालची दुसरी सही माझी आहे. मजकूर असा: "१६ जानेवारी. डिशच्या तोंडाचा डबा एक, रिसीव्हर एक नेला. आमचं चालू झालं की कळवू. कॉफी प्यायलो. पत्रा बसवला, वसंतात नीट बघा. वारा ईशान्येचा, उणे नऊ."

ती खोली गेल्या शरद ऋतूत कागदोपत्री फायबर कंपनीला दिली, हे आम्हाला माहीत नव्हतं. दारावर पाटी नव्हती. आर्नफिनने १९८७ मध्ये त्या खोलीच्या पायाला सिमेंटच्या सोळा गोण्या पाठीवर वाहिल्या आहेत. डबा नेण्याला कंपनीने चोरी म्हटल्याचं मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण सही केली होती ना आपण?"

ग्रोनेसहून आम्ही साडेबाराला निघालो आणि घरी न जाता सरळ आमच्या वरच्या खोलीवर गेलो. घरी आधी जाऊ असं मी म्हणालो नाही. उजेड होता, जानेवारीत इथे दीडनंतर तोही राहिला नसता. डबा बसवला. दिवा लागला नाही. ग्रोनेसचा रिसीव्हर लावला. दिवा लागला नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी योरुनचा फोन आला.

बोर्गहिल्ड तिला मासळी वाळवायच्या मांडवांपाशी सापडली, घरापासून चारशे मीटरवर, आमच्या स्कूटरच्या वाटेवर. पायात घरातल्या सपाता. अंगात आर्नफिनचा मेणकापडी कोट. हातात दाराजवळचा झाडू होता. पूर्वी बर्फ पडला की डिश झाडायला तीच वर जायची, हे मला योरुनने नंतर सांगितलं. पावणेचारला रुग्णबोट आली. थंडीने गेलेली डाव्या पायाची दोन बोटं काढली. सध्या ती शहरातल्या केंद्रात आहे. कागद नर्सने शुक्रवारीच केले. आर्नफिन तिच्याशी भांडला नाही.

शुक्रवार ता. १७ रोजी मी आर्नफिनबरोबर शहरात होतो. तो केंद्रात असताना मी टीव्हीच्या दुकानात गेलो, तसा डबा नवीन मिळतो का विचारायला. दुकानदार हसला. म्हणाला, "कुठल्या खाणीतून आलास? ते जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण मंगळवारी सकाळी दहाला बंद केलं, सगळीकडे. तुझा डबा उत्तम आहे बाबा. वरून येतच नाही तर तो काय पकडणार?" मी म्हणालो, कळवायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "पत्रं गेली मंडळांना, संगणकाच्या टपालपेटीत. आणि दोन महिने पडद्यावर खालून पट्टी सरकत होती. वाचता येतं ना तुला?"

मंडळाची ती टपालपेटी वारलेल्या अध्यक्षाच्या नावावर आहे.

तुरिडने विचारलं की बंद होणार असल्याची सूचना तुम्हाला कोणाकडून मिळाली होती काय. त्यावरून सांगतो की, बोर्गहिल्डकडून मिळाली होती. नोव्हेंबरच्या मध्यापासून ती रोज वाचायची, दिवसातून कितीतरी वेळा, पिठाच्या पुड्यासारखंच. "हे प्रक्षेपण चौदा जानेवारीला बंद होत आहे. आपला रिसीव्हर बदला." मला ते वाक्य पाठ आहे. ख्रिसमसच्या जेवणावर तिने ते वाचलं तेव्हा मी म्हणालो होतो, "बोर्गहिल्ड, बटाटे सरकव इकडे," आणि आर्नफिन हसला होता. तिनेही हसून बटाटे सरकवले होते.

दुकानदाराचं म्हणणं मी आर्नफिनला अद्याप सांगितलेलं नाही. तो रोज वर जातो. त्याचं म्हणणं आहे की चित्र परत आलं की नर्सला दाखवून बोर्गहिल्डला घरी आणता येईल. काल त्याने डिशला नवीन तेल फासलं. तो आत्ता बाहेर बाकावर बसला आहे, डबा आणि रिसीव्हर टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन. दोन्ही वस्तू चालू स्थितीत आहेत. मी आत येण्यापूर्वी त्याने मला विचारायला सांगितलं आहे की कंपनीची हरकत नसेल तर डबा रविवारपर्यंत ठेवता येईल का, कारण शनिवारी आभाळ निवळणार आहे. मी ते तुरिडला विचारलं. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, ही गोष्ट जबाबात घ्यायची नसते. मी घे म्हणालो म्हणून घेतली.

आर्नफिन या प्रकरणात असल्यामुळे त्याला हा कागद वाचायचा हक्क आहे, असं तुरिडने मला समजावून सांगितलं. त्याला चष्म्यानेही बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा तो मलाच वाचून दाखव म्हणेल.

एवढाच माझा जबाब. तो तुरिडने मला मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगितलं तसाच उतरला आहे, फक्त एका ठिकाणी, बोर्गहिल्ड जे वाचायची ते "आम्हाला ऐकू आलं नव्हतं" असं तिने आपल्या मनाने लिहिलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून खोडून "आम्ही ऐकलं होतं" असं केलं आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे.

त्रुल्स एंगेन