रोधक की सोशिक?

नाही, मला आधी एक सांगा, गतिरोधक काय करतो? गती रोखतो! बरोबर? का तो स्वतः रस्त्यात मजेत पडून राहतो आणि गाडीला म्हणतो, जा बाई, जा सुसाट, मला काही होत नाही? मग उष्णतारोधकानं काय करायला पाहिजे? सांगा ना! शिकलेली माणसं आहात तुम्ही! हेच मी त्या रंगवाल्याला विचारलं, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्याकडे रंग मागायला नाही, त्याची मुलगी मागायला आलोय...

तुम्हाला सांगतो, मी बत्तीस वर्षं बातमीदारी केली. नगरपालिकेच्या ठरावात 'तात्पुरते' असा एक शब्द होता, त्या एका शब्दाला लोंबकळून मी अख्खं मैदान वाचवलं, आजही तिथं पोरं खेळतात. आणि बत्तीस वर्षांत माझ्या बातमीला शुद्धिपत्र? एक नाही! चूकभूल, दिलगिरी, वगैरे? माझ्या नावावर? शोधून दाखवा!

तर आमची गाडी. एकोणीस वर्षांची. पूर, संप, दंगल, पाच निवडणुका, सगळं हिच्यातून पाहिलं, हिच्या स्टिअरिंगवर कागद ठेवून पहिल्या पानाच्या बातम्या लिहिल्या. लोक म्हणतात विका. अरे, सहकाऱ्याला कुणी विकतं का? पण तिला एक खोड लागली. चालवणाऱ्याच्या बाजूला सगळं ठीक, शेजारच्या सीटखाली मात्र जमीन तापते. म्हणजे अशी, की पायात मोजे घालून बसलं तर उतरताना मोज्यांना इस्त्री झालेली असते! आणि शेजारच्या सीटवर बसतं कोण? आमची ही. ही शाळेत मुख्याध्यापिका होती. होती काय, अजून आहे, फक्त शाळा नाही...

गुरुवारी म्हणाली, "अहो, रविवारी थोरलीकडे जायचंय. दोन तासांचा रस्ता. या वेळी माझे पाय भाजले, तर सोमवारी चार वाजता भंगारवाला येईल."

मी म्हटलं, "लेखी दे."

दिलं हो! तारीख, वेळ, सही! फ्रिजवर चुंबकानं लावून टाकलं. आता दूध काढायला गेलो की गाडीची फाशी वाचायची.

पण मी डरतो? माझं निदान तयार होतं. धुराचा पाइप पुढून इंजिनातून निघतो तो हिच्याच पायांखालून मागं जातो, तो तापतो, म्हणून जमीन तापते. त्याला उष्णतारोधक रंग मारायचा, विषय संपला! थोरलीच्या नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "बाबा, सिरॅमिक कोटिंग करून घ्या ना, मस्त असतं." विचारलं, किती दिवस? पाइप उतरवून पाठवायचा, पंधरा दिवस. अरे, माझ्याकडे तीन आहेत! रविवारी बायकोला पाइपाशिवाय आणू का तुझ्याकडे?

गेलो रंगाच्या दुकानात. मला वाटलं, एक डबा घ्यायचा आणि यायचं. तुम्हाला सांगतो, मुलीचं लग्न ठरवताना एवढे प्रश्न आले नव्हते! "इंजिनला लावायचाय की सायलेन्सरला? पुढच्या तोंडाला की मागच्या नळीला? फवारा की ब्रश? चंदेरी, काळा, लाल? दोनशे अंशांचा, तीनशेचा, की साडेसहाशेचा?" म्हटलं, पावडर कोटिंग कसं? तर म्हणतो, "ते फाटकाला लावा साहेब. इंजिनचं अंग शंभर-सव्वाशेपर्यंत तापतं, पण धुराचं तोंड पाचशे-सहाशेला जातं. पावडर तिथं भाजून निघेल."

मग मीही सोडतो होय? साडेसहाशे काय? सेल्सिअस की फॅरनहाइट? चाचणी कुणी केली? कागद आहे? किती तास तापवला? सतत की थांबून थांबून? एका डब्याची मी अशी उलटतपासणी घेतली, की मागं उभं असलेलं गिऱ्हाईक पांढरा चुना घ्यायला आलं होतं, ते काही न घेताच निघून गेलं. डब्याच्या आईवडिलांचं नाव सोडून सगळं विचारलं. फक्त एक प्रश्न राहिला... तो पुढं सांगतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'उष्णतारोधक' लिहिलं होतं. मराठीत! छापील! मी छापील शब्दावर विश्वास ठेवला. माझ्या धंद्यातल्या माणसानं!

शुक्रवारी मिस्त्री. वीस वर्षांपासून आमचे तेच मिस्त्री, बोलणं कमी, पाना जास्त. गाडी वर उचलली, पाइप घासला, गंज काढला, आणि मधेच थांबून म्हणाले, "साहेब, पण खालचा तो..."

म्हटलं, "मिस्त्री, रंग."

पहिला हात मारला, परत म्हणाले, "नाही, म्हणजे तिथं जो..."

"मिस्त्री! माझी मुलाखत घेताय का? रंग!"

ब्रश परत डब्यात बुडवला. रंग मारला. आणि डब्यावर पुढं लिहिलेलं, की रंग पक्का व्हायला गाडी दहा मिनिटं चालू ठेवा, थंड करा, वीस मिनिटं चालू ठेवा, थंड करा, मग अर्धा तास. म्हणजे शनिवारची अख्खी सकाळ मी इमारतीच्या खाली उभ्या गाडीची आई होऊन बसलो. बॉनेटखालून धूर, चाकांमधून धूर, आणि वास असा, की वरच्या काकू गॅलरीत आल्या, "अहो, काय जाळताय?"

"पाइप पक्का करतोय, काकू!"

"पक्का होईपर्यंत आम्ही जगू का, ते बघा!"

रविवार. निघालो. पहिली दहा मिनिटं, वा! पंधरा, वा! मी मनात भंगारवाल्याला परत पाठवला, वर दोन शब्दही सुनावले. पस्तिसाव्या मिनिटाला हिचं बोलणं बंद झालं. मी हळूच बाजूला बघितलं. पाय डॅशबोर्डवर! ज्या बाईनं तीस वर्षं पोरांना पाय खाली घ्या म्हणून पट्टी दाखवली, ती बाई, दोन्ही पाय डॅशबोर्डवर, हातांची घडी, नजर समोर. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो...

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर! "हा काय रोधक? जमीन तापतेच आहे!"

तो शांत. "साहेब, पाइपाचा रंग उडाला?"

"नाही."

"काळा पडला? पापुद्रे निघाले?"

"नाही, चकाकतोय."

"मग रंगानं काम केलं की! साडेसहाशे अंशांत त्याला काही होत नाही. सहन करतो तो."

"सहन करतो? मग त्याला सोशिक म्हणा! रोधक कशाला म्हणता? रोखतो की सोसतो? आणि माझ्या बायकोचे पाय?"

"पायांचा रंग आम्ही ठेवत नाही, साहेब."

बघा! रोखतो की सोसतो, हा एकच प्रश्न, तीन शब्दांचा, तो मी आधी विचारला नाही! पण चूक माझी? शब्द त्यांनी छापला! शुद्धिपत्र त्यांनी काढायचं, मी नाही!

तसाच तणतणत मिस्त्रींकडे. गाडी वर, मी खाली, हातात बॅटरी. म्हटलं, "मिस्त्री, आता बोला. शुक्रवारी काय म्हणत होता?"

"म्हणजे बोलू पूर्ण?"

"बोला!"

"खालचा तो पत्रा कुठाय, असं विचारत होतो. पाइप आणि गाडीची जमीन यांच्या मधे पत्रा असतो. उष्णता तो रोखतो. रंग नाही."

माझ्यातला बातमीदार ताडकन उठला, डोकं पाइपावर आपटलं, पण तसाच ओरडलो, "चोरी! कुणी काढला? कोणता नालायक? नाव सांगा, मी छापतो!"

मिस्त्रींनी पाना पुसला. "तुम्ही."

"कोण तुम्ही?"

"तुम्हीच, साहेब. दोन वर्षांपूर्वी. पत्रा खडखडतोय, फोनवर मंत्र्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणालात. मी म्हटलं, दोन स्क्रू आवळतो. तुम्ही म्हणालात, स्क्रू नको, उपटा. वर घरी घेऊन गेलात, पुरावा म्हणून, कंपनीला पत्र लिहायचं होतं तुम्हाला."

घड्याळात अकरा. भंगारवाला चारला. घरी पळालो. माळा बघितला, पलंगाखाली बघितलं, कात्रणांच्या खोक्यांत बघितलं. पत्रा कुठं होता सांगू? गॅलरीत! हिच्या कुंड्यांखाली! लांबट, खोलगट, पाणी सांडत नाही, हिनं ट्रे केला होता त्याचा! आणि वर सात कुंड्या! आता त्या उचलायच्या म्हणजे मालकिणीला कारण सांगायला हवं...

सांगितलं. उभं राहून. सगळं. ही ऐकत होती, तोंडी परीक्षेची उत्तरं ऐकावीत तशी. शेवटी म्हणाली एवढंच, "लेखी द्या."

दिलं. आजही फ्रिजवर आहे, तिच्या नोटिशीच्या जागी. 'सदर पत्रा अस्मादिकांनीच काढविला होता. वाचकांस झालेल्या पायांच्या त्रासाबद्दल दिलगीर.' बत्तीस वर्षांतलं पहिलं शुद्धिपत्र, खप एक प्रत!

तीनला पत्रा बसला, मिस्त्रींकडे, हिच्या देखरेखीखाली. चारला भंगारवाला आला, हिनं त्याला जुनी वर्तमानपत्रं दिली. माझ्या बातम्यांची! म्हणाली, "गाडी राहू दे."

पुढच्या रविवारी परत थोरलीकडे. जमीन गार. पाय जमिनीवर. आणि पत्रा असा खडखडतोय, असा खडखडतोय, की मी तोंड उघडलं तर मला माझाच आवाज ऐकू येईना! बसवतानाच मिस्त्री तर म्हणाले होते, "वहिनी, दोन स्क्रू आवळून देतो, आवाज बंद होईल." ही काय म्हणाली असेल? "नको हो मिस्त्री. छान आहे. असाच राहू द्या."

दोन तास जायचे, दोन तास यायचे, आणि मला एक वाक्य बोलता येत नाही. ही खिडकीतून बाहेर बघत हसत असते. त्या पत्र्यानं उष्णता रोखली, मलाही रोखलं. रोधक तो...

सोशिक मी.