नारळ फोडून बघितलेलं तेल

माझ्या आईचं मी लई सांगतो म्हणता ना, मग हे ऐका.

आमची गाडी जुनी, ऑटोमॅटिक गिअरची, अन् ती आईच चालवते. परवा दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे मालक, आमच्याकडं उमरीला जेवायला आले. आल्या आल्या बोनेट उघडलं, बंद गाडीतच गिअरच्या तेलाची पट्टी ओढून बघितली अन् म्हणाले, “मामी, तेल लई झालंय. थोडं काढून टाकतो.”

“काढा की,” आई म्हणाली. “पण आधी फाट्यावरच्या महादेवाला नारळ फोडून येऊ.”

तिनंच गाडी चालवली. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवलं अन् म्हणाली, “आता बघा बरं, जावईबापू.”

तेल बरोबर खुणेवर. दाजींनी हात जोडले. “महादेवाची कृपा, मामी.”

“हाव,” आई म्हणाली.

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. “गिअरचं तेल गाडी तापवून, चालू ठेवूनच बघायचं असतं, बंद गाडीत ते जास्तच दिसतं, हे तुला ठाऊक व्हतं. मग सांगितलं का न्हाई?”

“जावयाला चुकलात म्हणत्यात व्हय?” अन् तिनं त्यांच्यासाठी पोळी तव्यावर टाकली.

दाजी अजून महादेवाचा चमत्कार सांगून राहिलेत. मी आईचा सांगतो.