सासूबाईंचा सोमवार

माझं माहेर नवलाख उंबऱ्याचं, ताई, आन सासर हितं कान्ह्याला. मानमोडीची साथ आली न्हवं, मानसं पटापटा गेली, त्यात माझी आई गेली, आन बापानं त्याच साली मला उजवून टाकली, बारा वर्षांची आसंन मी. मंग मला आई म्हंजे सासूच, तिला मी आत्या म्हनायची. लय कडक बाई, पन मला कधी उपाशी निजू दिलं न्हाई, खोटं कशाला सांगू. माझं मालक रेल्वेच्या गँगवर, रुळावर खडी वढायचं काम, सकाळी गेलं की दिस मावळता यायचं, म्हंजे दिवसभर घरात आमी दोघीच, मी आन आत्या.

आता दुखन्याचं इचारलंत म्हनून सांगते. आत्या साठीला आली आसंल, आन वाळत चालली. खायाची लय, पानी तर घागरीनं प्यायची, तरी वाळत चालली. मोरीत मुंग्यांची रांग लागायची, मी रोज राखेनं घासायची आन रोज मुंग्या, मला वाटायचं माझ्याच हातनं गूळ सांडतोय. कुनाला ठावं. मंग एका आवनीला, भात लावताना, चिखलात तिच्या पायाला खडा लागला, एवढासा, हरभऱ्यावानी, आन ती जखम काय भरंना. हळद लावली, एरंडाचं तेल लावलं, भात खळ्यात आला तरी भरंना, आन अंगठा काळा पडला, काळा म्हंजे जांभळावानी. मालकांनी तिला बैलगाडीनं कामशेतला नेली, तितनं रेल्वेनं लोनावळ्याच्या दवाखान्यात, मीबी संगं.

डाक्टरनी अंगठा कापला. मला वाटलं, सुटलो. तर डाक्टर मालकास्नी बाजूला घिऊन म्हनलं, म्हातारीच्या लघवीतून साखर जाते, हे दुखणं बरं होणारं नाही, पण सांभाळलं तर माणूस जगतं, रोज सुई टोचावी लागेल, कोण टोचणार? मालकांनी माझ्याकडं बघितलं. काय सांगू तुमाला, मी तवर कुनाच्या पायातला काटा काढायलाबी भ्यायची.

सुईचं औषध धर्मादाय मिळायचं, मुंबईच्या कुना शेटजीची आई ह्याच दुखन्यानं गेलती म्हनून. आठ दिस मी दवाखान्यात ऱ्हायले, काकडीला टोचून टोचून शिकले. सुई उकळायची, रेघंपतोर औषध वढायचं, बाटली माठाखाली वल्या वाळूत ठिवायची. आन लघवी तपासायची, काचंच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचं आठ थेंब, आन उकळायचं. निळंच ऱ्हायलं तर ब्येस, हिरवं झालं तर संभाळून, इटकरी झालं तर वाईट. मला वाचता येत न्हाई, पन रंग तर दिसतो. घरच्या चुलीवर हे कसं करायचं, म्हनून परड्यात आंब्याखाली तीन धोंडे मांडले. बायका पान्याला जाता-येता बघायच्या. थोरली जाऊ शेजारच्याच घरात, ती म्हनायची, ही सासूचं मूत उकळती, करनी करती. म्हनू द्यात. मला त्याचं भ्या न्हवतं, मला भ्या सुईचं. रोज सकाळी सुई उचलली की वाटायचं, कमी गेलं तर, जास्ती गेलं तर. आत्याला मी मोजून भाकर द्यायची, भात बंद, गूळ बंद. ती ताटाकडं बघायची, माझ्याकडं बघायची.

दोन-अडीच म्हयने आसं गेलं. पाय भरला, आत्या काठी घिऊन परड्यात हिंडू लागली. आन मंग तो सोमवार आला. माघाची थंडी. सकाळी सुई दिली, भाकर वाढून ठिवली, आन मी शेतात हरभरा उपटाय गेले. दुपारी आले तर आत्या वट्यावर बसल्याली, लुगडं घामानं भिजल्यालं, थंडीत बरं का, हात थरथरत्यात, आन कायबी बडबडती. मला म्हनती, कोन गं तू, कुनाची? जाऊ आली, म्हनली, अंगात आलंय, भगताला बलवा. मी आत बघितलं, भाकर तशीच झाकल्याली. डाक्टर म्हनलं हुतं, सुई दिली आन पोटात काय गेलं न्हाई तर घाम सुटंल, मानूस बरळंल, तवा गूळ द्या. पन त्यांनीच सांगितलं हुतं की गोड म्हंजे तिला इख. आता ही साखर चढल्याली का उतरल्याली? नळीत बघावं तर तेवढा येळ कुटं. मालक रुळावर, लोनावळा लांब. इचारायला कोन न्हाई, ताई, कोन म्हंजे कोन न्हाई.

मी तिचं कपाळ चाचपलं. वलं आन गार. गूळ फोडला, पान्यात कालवला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. जाऊ वराडली, मारती गं ही सासूला, गूळ घालती! तिनं माझा हात धरला. मी हिसडा दिला, आन बोटानं आत्याच्या गालात तो गूळ चोळला, थोडा, परत थोडा, परत थोडा. माझं चुकलं आसतं तर माझ्याच हातनं ती गेली आसती, हे मला तवाबी कळत हुतं. किती येळ गेला काय ठावं. मंग तिनं डोळं उघडलं, माझ्याकडं बघितलं, वळखलं, आन म्हनली, आगं, माझा सोमवार मोडलास की.

मी रडले आन चिडलेबी. म्हनलं, आत्या, तुमी उपास धरला, मला सांगायचं तरी! तर ती म्हनली, सात वर्षांची हुते तवापासनं सोमवार धरतीया, दिस मावळूस्तवर तोंडात काय घालत न्हाई. दुखन्यात सुटला, आता अंगात जरा जीव आला म्हनून परत धरला. तुमी समदी माझी भाकर मोजता, मूत मोजता, एक दिस तर माझा ऱ्हाऊ द्या. आन सुई घेतली की उपाशी ऱ्हायचं न्हाई, हे मला सांगितलं कुनी?

खरंच, कुनी सांगितलं हुतं? डाक्टरनी मालकास्नी सांगितलं, मला सांगितलं. तिला न्हाई.

दुसऱ्या दिशी जावंला आत्याजवळ बसवली, आन मी कामशेतला लोनावळ्याची गाडी धरली. दवाखान्यात बाकावर न बसता थेट डाक्टरफुडं हुबी ऱ्हायले, झाल्यालं सांगितलं, आन म्हनलं, मला सुई शिकवली, रंग शिकवला, पन ज्या अंगात सुई जाती त्या मानसाला काय शिकवलंत? ते म्हनलं, बाई, म्हातारीला काय समजणार आहे? मी म्हनलं, सोमवार समजतो, मंग हे न्हाई समजनार? डाक्टरनी चष्मा काढला. तो पुसत बसलं. मी घाबरून भायेर आले. घरी येस्तवर एकच भ्या, आता औषध बंद करत्यात, म्या काय करून बसले.

तर आइतवारी डाक्टर सोता आलं, कामशेतपासनं चालत. वट्यावर आत्याशेजारी बसलं, आन पयल्यांदा तिलाच इचारलं, आजी, तुम्ही दिवसभरात काय खाता, कधी खाता, उपास कोणते? आत्या माझ्याशी कधी बोलली न्हाई तेवढी त्यांच्याशी बोलली. मंग दोघांचा सौदा लागला. डाक्टर म्हनलं उपास सोडा, आत्या म्हनली सोडनार न्हाई. शेवटी ठरलं, सोमवारी सुई निम्मी, सकाळी दूध, दुपारी वाटीभर वरी, आन कनवटीला गुळाचा खडा, घाम सुटला की तोंडात. आत्या म्हनली, वरी चालती सोमवारला. डाक्टर हसलं, म्हनलं, आजी, इतकी वर्षं औषध देतोय, हे आधी विचारायला पाहिजे होतं.

तवापासनं म्हयन्यातला एक आइतवार ते हितं देवळाफुडं बसायला लागलं. कुनाला दमा, कुनाला हेच दुखनं, कुनाचं गुडघं. आधी म्हाताऱ्या मानसानं बोलायचं, घरच्यांनी मागनं. मी सगळ्यांचं पाय बघायची, बोटांच्या बेचक्यात, टाचंला. जाऊबी यायला लागली, तिच्या बापाला घिऊन.

आत्या फुडं आठ वर्षं जगली. लढाईत औषध बोटीनं यायचं ते थांबलं, बाटलीतलं औषध थेंबाथेंबानं सरताना मी बघितलंय, तसले दिस वैऱ्यालाबी नकोत. त्यातच ती गेली. माझ्याच मांडीवर गेली, एक अंगठा सोडला तर दोन्ही पाय धड.

आता लढाई संपली, ते डाक्टरबी थकलं, नवीन येत्यात. आज त्यांचाच आइतवार. ते बघा, देवळाफुडं मानसं जमली. पन वरल्या वस्तीवरलं धोंडीआबा दिसत न्हाईत. दम्याचं मानूस, कधी चुकत न्हाई. कुनी म्हनंल येतील, पन मला न्हाई बसवत. तुमची म्हातारी मानसं हिंडतीफिरती ऱ्हावूद्यात, ताई, दुसरं काय मागू. तुमी लिवा बसून. मी आबास्नी बघून येते.