पहिलं नाव

सकाळी सात वाजता रंगाऱ्याने मशिदीच्या दारावर लावायचा फलक धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहाच्या भिंतीला टेकवला, बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि बेटावर इस्लाम प्रथम स्वीकारणाऱ्याचं नाव तिसऱ्यांदा पुसलं. होडीच्या रांगेत दोघा व्याह्यांची, नावाड्याची आणि सुताराची, पुन्हा जुंपली होती.

"पहिला कलमा पढले आमचे खापरपणजोबा. बेटावर इस्लाम घेऊन आलेला तो व्यापारी आमच्याच घरी उतरला होता."

"आणि त्याची फुटकी नाव सांधली कोणी? आमच्या खापरपणजोबांनी! चार महिने तो आमच्या अंगणात नमाज पढायचा."

"त्यानंतरही दोन वर्षं तुम्ही समुद्राला कोंबडं वाहत होतात, व्याहीबुवा."

"घरातली म्हातारी हट्टी होती! तुमचं नाव लागलं, तर मी त्या मशिदीत पाऊल ठेवणार नाही."

"आमचं नाही लागलं, तर मीही नाही."

सुताराची थोरली बहीण मागे वळली. "एकाचा पूर्वज सदा समुद्रात, दुसऱ्याचा लाकडात. घरात पोरांना दुआ शिकवली कोणी?"

"आक्का, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये कुठे? मी रांगेत तुमच्या पुढे आहे."

"मग सांग त्या बायकांची नावं!"

"तुमच्यापैकी कोणी लक्षात ठेवली असती, तर सांगितली असती."

दोघेही होडी आली का ते पाहू लागले.

रंगाऱ्याने कुणालाही न विचारता रिकाम्या ओळीत लिहिलं, 'मुलांना पहिली दुआ शिकवणाऱ्या आया'. रंग वाळल्यावर तो फलक घेऊन मशिदीकडे गेला आणि चारही खिळे ठोकून परतला.