कालव्याचं आख्यान

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीत कीर्तनवेड्या उमाताईंच्या पुढच्याच बाकावर आजोबा आणि त्यांची कॉलेजातली नात चक्क मराठीत बोलत होते.

"आजोबा, नोट्स घरीच राहिल्या! दहाला माझं प्रेझेंटेशन आहे."

"कीर्तनकार कुठे कागद बघतो, निधी? ऊठ, उभी राहा. सांग मला."

"इथे? सगळ्यांसमोर? ओके. साल अठराशे सतरा. अमेरिका जोरात आहे. जो तो म्हणतो, आपण एक राष्ट्र."

"वा! मग?"

"मग कालव्यांचा विषय निघतो. दक्षिण म्हणते, आमच्या करातून उत्तरेचे कालवे कशाला? शेवटी न्यूयॉर्क एकटंच ईरी कालवा खणतं. आठ वर्षं! पश्चिमेचा गहू समुद्रापर्यंत पोचतो, खेड्यांची शहरं होतात."

"आणि दक्षिणेची समजूत?"

"नाहीच पटली, आजोबा. एक राष्ट्र म्हणत म्हणत जो तो आपल्याच अंगणापुरतं बघत राहिला. इथेच संपतं माझं."

फेरी धक्क्याला लागली. उमाताई उठल्या आणि निधीच्या पायाशी वाकल्या.

"अहो आजी, नो, प्लीज! मी किती लहान आहे!"

"घे नमस्कार," आजोबा म्हणाले. "कीर्तनाला उभं राहिलेल्याचं वय विचारत नाहीत."